सव्वा नारळाचं देणं

एका राज्यात अशी चाल होती, की कुणी काही दिलं तर घेणाऱ्यानं ते वर्षाच्या आत सव्वापट करून परत द्यायचं. तांब्या दिला तर सव्वा तांब्या, शेरभर तूर दिली तर सव्वा शेर तूर, आणि बारशाला वाळा घातला तर सव्वा वाळा. सव्वा वाळा द्यायचा कसा, हे कुणी विचारत नसे. जो परत देऊ शकत नसे तो पक्षी होई. वर्ष भरलं, सूर्य मावळला, की माणूस अंगणातून भुर्रकन उडे आणि राजवाड्यासमोरच्या वडावर जाऊन बसे. घरचे लोक दुसऱ्या दिवशी वडाखाली दाणे टाकून येत. राज्याच्या खजिन्याला एक जुना शाप होता, त्यातून ही चाल निघाली होती. ज्याचं स्वतःचं येणं कुठं अडकलेलं असे, त्याला नुसती पिसं फुटत आणि मुदत लांबे; पण खुद्द खजिन्यातून हाती आलेल्या वस्तूला ही सवलत नव्हती. शाप कुणी दिला आणि कशापायी दिला, हे जाणणारे होते. पण तेही आता वडावर बसलेले असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात काही मेळ राहिला नव्हता. जेवणाखाण्याचं तेवढं या हिशेबात धरत नसत. नाहीतर अख्खं राज्यच वडावर बसलं असतं.

त्या राज्याच्या दक्षिण वेशीजवळ एक लहानशी गल्ली होती. तिथं सुभान नावाचा कल्हईवाला राहत असे. आईबाप लहानपणीच गेलेले. घरात भाता, कथलाची कांडी, नवसागराची पुडी, याखेरीज काही नाही. त्याला जन्मात कुणी काही दिलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर कुणाचं देणंही नव्हतं, आणि अशी श्रीमंती राज्यात दुसऱ्या कुणाकडे नाही हे त्या भोळ्याला ठाऊक नव्हतं. त्याचं लग्न ठरलं ते नदीपलीकडच्या, दुसऱ्या राजाच्या मुलखातल्या कमळजेशी. मुलगी हुशार, हाताला चपळ, बोलायला गोड. पण इकडच्या चालीचा तिला गंध नव्हता.

लग्नाच्या दिवशी राजा गजकेतू शिकारीहून परतत होता. हरिण मिळालं नव्हतं, भूक मात्र लागली होती. सनई ऐकून त्यानं घोडा थांबवला आणि सरळ मांडवात येऊन पंक्तीला बसला. तीनदा भात घेतला, ताक प्यायला, ढेकर दिला. मग त्याच्या ध्यानात आलं की राजानं रिकाम्या हातानं उठणं शोभत नाही. त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि खजिन्यातला सोन्याचा नारळ नवरीच्या ओटीत घातला. मांडव गप्प झाला. सनईवाल्याचा सूर मध्येच तुटला. कमळजेला वाटलं, लोक आनंदानं गप्प झाले आहेत.

राजानं एवढं घातलं म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहून कसं चालेल? जे सुपारी देऊन जाणार होते ते धावत घरी गेले आणि पितळी डबे घेऊन आले. अकरा बायकांनी अकरा खण दिले. आता त्या राज्यात खण कधी कुणी शिवत नसे. तो एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरत राही, घड्यांवर विरून जाई, पण त्याला सुई लागत नसे. कमळजेनं पहिल्या पंधरवड्यात अकराच्या अकरा खण शिवून टाकले. ती नवी चोळी घालून पाण्याला निघाली तेव्हा विहिरीवरच्या बायकांच्या हातून दोर सुटले.

पण खरी चूक झाली ती तिसऱ्या दिवशी. कमळजेच्या माहेरी ओटीतला नारळ तिसऱ्या दिवशी फोडत आणि शेजारीपाजारी खोबरं वाटत. तिनं सुभानाला सांगितलं. सुभान म्हणाला, "सोन्याचा असला तरी नारळच तो," आणि हातोडीच्या एका घावात त्यानं तो फोडला. आत सोन्याचं पाणी होतं, ते दोघांनी घोटघोट प्यायलं. सोन्याच्या खोबऱ्याचे सोळा तुकडे केले आणि गल्लीतल्या सोळा घरी एकेक नेऊन दिला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? सोळा घरांनी कपाळाला हात लावून तुकडा घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सोळा घरांतलं कुणी कमळजेशी बोलेना. ती समोर आली की माणसं खाली बघत, बायका दाराआड होत.

"आपलं काय चुकलं हो?" तिनं सुभानाला विचारलं.

"वेलदोडा घालायला हवा होता काय?" सुभान म्हणाला. त्यालाही काही कळत नव्हतं.

तिला कळलं ते वडाखाली. बाजारातून येताना ती सावलीला टेकली, तर वरून एक भारद्वाज खाली उतरला आणि तिच्यासमोर बसला. तो पूर्वी राजवैद्य होता.

"नारळ घेतलास?" भारद्वाजानं विचारलं.

"घेतला."

"सव्वा," भारद्वाज म्हणाला. "वर्षाच्या आत सव्वा. नाहीतर इथं ये. फांदी मोकळी आहे. सव्वा."

त्यानं तिला सगळी चाल सांगितली. निदान जेवढी त्याला आठवत होती तेवढी. कमळजा ऐकत राहिली. तिला दिलेली वस्तू तिची नव्हती, तिनं वाटलेला प्रसाद प्रसाद नव्हता, आणि शेजारी तिच्यावर रागावलेले नसून तिला घाबरलेले होते. तिनं बोटं मोजायला घेतली. अकरा खणांचे सव्वापट किती? पावणेचौदा. पाऊण खण फाडायचा कुठून, उभा की आडवा? एका नारळाचा सव्वा नारळ. पाव नारळाला डोळे किती काढायचे?

नवराबायकोनं कंबर कसली. सुभान पहाटे भाता घेऊन निघे तो दिवेलागणीला येई. कमळजा त्याच्याबरोबर गावोगाव फिरू लागली. ती भाता ओढी, तो भांड्यांना कल्हई करी. डबे फिटले. वाट्या फिटल्या. पावणेचौदा खणही फेडले, पण पाऊण खण घेणाऱ्या बाईला तो उभा हवा होता, ह्यांनी आडवा फाडलेला, म्हणून पुन्हा एक आणावा लागला. दोघं एका भाकरीवर दिवस काढत. पण सोन्याचा नारळ कल्हईच्या पैशात कसा यायचा? दहा जन्म भाता ओढला असता तरी त्याची शेंडी आली नसती.

आणि महिना भरला तसं सुभानाच्या कानामागं एक पीस उगवलं. करडं, मऊ, बोटभर. कमळजेनं ते उपटलं तर तो कळवळला. दुसऱ्या महिन्यात दुसरं उगवलं. सहाव्या महिन्यात खांदे झाकले. ओटी भरली होती कमळजेची, पण नारळ फोडला होता सुभानानं, म्हणून देणं त्याच्या अंगावर उतरलं होतं; शापाचा न्याय असाच असतो. पिसांबरोबर त्याचे शब्द जाऊ लागले. आधी भांड्यांची नावं गेली. तो पातेल्याकडे बोट दाखवी आणि "ते, ते," म्हणे. मग गावांची नावं गेली. नवव्या महिन्यात एका सकाळी तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, ओठ हलवत राहिला, आणि तिचं नाव त्याला सापडेना. कमळजेनं तोंड फिरवून चुलीत फुंकर घातली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं तिला दाखवायचं होतं, पण चूल पेटलेलीच नव्हती.

वर्ष भरायला सात दिवस उरले तेव्हा ती खजिनदाराकडे गेली. राज्याचा खजिनदार म्हणजे मांत्रिक त्रिकंटक. तो उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत झगा घाली आणि वडाखालच्या ओट्यावर पोथी घेऊन बसे. त्याचे डोळे तांबारलेले होते.

"खजिनदार, माझा नवरा वाचेल असा काही मार्ग आहे का?"

त्रिकंटकानं पोथी चाळली. "देणं चुकत नाही. पण तुमचंही येणं आहे. सोळा घरांत सोळा तुकडे. त्यांचे सव्वापट वीस. वीस तुकड्यांचा बरोबर सव्वा नारळ होतो. वसूल कर."

"ती माणसं गरीब आहेत."

"तर त्यांचंही कुणाकडे येणं असेल. तीन दारं ठोठाव. तिसऱ्या दारापलीकडे कुणाला जावं लागलेलं नाही. सातव्या दिवशी सूर्य मावळण्याआधी दरबारात ये."

कमळजेला हे पटलं की नाही, ते तिचं तिलाच कळेना. पण हातात दुसरं काही नव्हतं. सुभान आता इतका हलका झाला होता, की वारा सुटला की त्याचे पाय जमिनीवरून सुटत. तिनं त्याच्या उपरण्याची आपल्या पदराशी गाठ मारली आणि त्याला घेऊन निघाली.

पहिलं दार येसूकाकूचं. येसूकाकू गल्लीत वयानं सर्वांत मोठी; सोळा घरं तिच्या शब्दाबाहेर नसत. कमळजेनं दार वाजवलं तशी म्हातारीनं कडी काढली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"आलीस? मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिच्या मांडीवर तिचा नातू झोपला होता. त्याच्या टाळूवर जावळात एक पिवळं पीस होतं. "आम्ही बुडवणारी माणसं नाही, पोरी. पण नावाड्याची नाव पुरात गेली, तेव्हा सोळा घरांनी मिळून त्याला नवी नाव दिली. त्याची सव्वा नाव यायची आहे. ती आली की विकू आणि तुझे तुकडे देऊ. चल, मीही येते. माझ्यानं आता वाट बघवत नाही." आणि म्हातारी उठली, नातवाला काखेला मारलं, तशी मागून सोळा घरंही निघाली.

दुसरं दार नदीकाठी. नावाडी धाकोजी वाळूत बसून पाव नाव बनवत होता. एक बाजू, थोडा तळ, एक खिळा. ती पाण्यात टाकली की बुडे, बाहेर काढली की तो पुन्हा ठोकी. चार वर्षं त्याचं हेच चाललं होतं, आणि त्या नादात त्याच्या दंडांना बगळ्याची पिसं फुटली होती.

"धाकोजीदादा, गल्लीची सव्वा नाव द्या," कमळजा म्हणाली.

"देतो, ताई. एक नाव ही बांधलेली आहे, पाव नाव ही अशी आहे. ती तरंगत नाही, आणि तरंगेल असं लाकूड घ्यायला माझ्याजवळ दमडी नाही. माझी सगळी कमाई राक्षसाकडे अडकली आहे. त्याच्या पोराच्या जावळाला मी घागरभर चांदणं दिलं. नदीवरचं, निवळलेलं, बारा पौर्णिमांचं. त्याचं सव्वा घागर चांदणं आलं, की विकतो आणि लाकूड घेतो."

"राक्षसाला दिलंच कशाला?"

"बोलावणं आलं होतं," धाकोजी म्हणाला. "जायचं म्हणजे काहीतरी न्यायला नको?"

कमळजेच्या माहेरीही लोक असंच म्हणत. धाकोजीनं सगळ्यांना नावेत घेऊन तीन खेपांत पलीकडे उतरवलं, आणि तोही मागून चालू लागला.

तिसरं दार डोंगरात होतं. दार म्हणजे एक शिळा. कमळजेनं ती वाजवली तशी आतून अशी जांभई आली की उतारावरची झाडं वाकली. मग राक्षस बाहेर आला. सात ताड उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात पाळण्याची दोरी.

"राक्षसमामा, धाकोजीदादांचं चांदणं द्या."

"हळू बोल, भाची," राक्षस म्हणाला. "पोर आत्ता निजलं आहे. चांदणं द्यायचं आहे, मी नाही कुठं म्हणतो? पण चांदणं वेचायला हात शांत लागतो, आणि माझे हात बघ कसे थरथरतात. सात वर्षं मी झोपलेलो नाही. खजिनदारानं नवं घर बांधलं, तेव्हा मी त्याला माझी झोप आहेर म्हणून दिली. माझ्याजवळ देण्यासारखं चांगलं तेवढंच होतं. सव्वा झोप परत यायची आहे. ती आली की चार दिवसांत चांदणं वेचून देतो."

"खजिनदारानं?" कमळजा म्हणाली.

"त्यानंच. वडाखाली बसतो ना, तोच."

कमळजा शिळेवर बसली. तिनं बोटं मोजायला घेतली. गल्लीनं आमचं द्यायचं. नावाड्यानं गल्लीचं द्यायचं. राक्षसानं नावाड्याचं. खजिनदारानं राक्षसाचं. आणि तिला वसुलीला पाठवलं कुणी? खजिनदारानं. आपण चुकून एखादं बोट दोनदा मोजलं असं वाटून तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. सुभान शेजारी बसून तिच्या बोटांकडे बघत होता.

"सव्वा," तो हळूच म्हणाला. आता त्याच्याजवळ एवढाच शब्द उरला होता. कमळजेनं त्याचा पिसांनी भरलेला हात घट्ट धरला आणि म्हणाली, "हो, सव्वा. चला."

सातव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दरबाराच्या चौकात मोठी गर्दी लोटली. पुढं पदराला नवरा बांधलेली कमळजा, मागं सोळा घरं, त्यांच्या मागं धाकोजी, आणि सर्वांच्या मागं पोराला खांद्यावर घेतलेला राक्षस. राजा गजकेतू सिंहासनावर होता. बाजूला त्रिकंटक. वडावरचे पक्षी बघायला खाली वाकले होते.

"आणलंस?" त्रिकंटकानं विचारलं.

"खजिनदार, तुम्हीच राक्षसमामांची झोप द्यायची आहे."

त्रिकंटकाचा चेहरा पडला. "द्यायची आहे. ती झोप एक रात्र घेतली, पण देण्याच्या काळजीनं दुसऱ्या रात्रीपासून लागलीच नाही. माझंही येणं आहे. महाराजांच्या राज्याभिषेकाला मी माझ्या आयुष्याची सात वर्षं दिली. त्यांची पावणेनऊ यायची आहेत. ती मिळाली तर मी निवांत होईन आणि झोप परत करीन."

सगळे राजाकडे बघू लागले. राजा खाकरला.

"आम्ही देऊ," राजा म्हणाला. "पण खजिन्यात काही नाही. आमच्या आजोबांपासून नाही. जे आहे ते सगळं येणं आहे. शेवटचा नारळ होता, तो आम्ही एका लग्नात दिला. त्याचा सव्वा नारळ आला, की त्यावर पुढचं बघू."

देणं फिरून फिरून जिथून निघालं तिथंच येऊन बसलं होतं, आणि प्रत्येकजण पुढच्याकडे हात पसरून मागच्याला थांब म्हणत होता. ऊन सिंहासनाच्या शेवटच्या पायरीवर आलं होतं. सुभानाच्या पायांची बोटं आखडून पंज्यासारखी झाली होती. कमळजेला एवढंच दिसत होतं, की या गर्दीत प्रत्येकजण कुणीतरी आधी द्यावं म्हणून थांबला आहे. आणि आधी देण्यासारखं तिच्याजवळ एकच होतं, ते सोळा घरांवरचं येणं. ते सोडलं आणि पुढं कुणी काही सोडलं नाही, तर तिच्या हातात काहीच राहणार नव्हतं, नवराही नाही. ते नाही सोडलं, तर आज ना उद्या येसूकाकूचा नातू वडावर जाणार होता.

ती सुभानाकडे वळली. "अहो, मी आपलं येणं सोडलं, तर चालेल का तुम्हाला?"

सुभानानं तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारीच्या काखेतल्या पोराकडे पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली, पक्षी हलवतात तशी झटक्यात, पण होय म्हणून.

"येसूकाकू," कमळजा म्हणाली, "ते खोबरं होतं. आम्ही खायला दिलं होतं. आमचं काही येणं नाही. फिटलं."

"असं करता येत नाही!" त्रिकंटक उठला. "असं आजवर कुणी केलेलं नाही."

"करू नये असं पोथीत आहे का?"

त्रिकंटकानं पोथी पुढून मागं चाळली, मागून पुढं चाळली. मग खाली बसला. "नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलंच नव्हतं."

येसूकाकूनं नातवाच्या टाळूवर हात फिरवला. पीस तिच्या हातात आलं. म्हातारी त्या पिसाकडे बघत राहिली. सोळा घरांकडे तिनं एकदा नजर टाकली आणि कुणाला न विचारता बोलली, "धाकोजी, बुडत होतास म्हणून नाव दिली. तुझं फिटलं."

"मग ही पाव नाव मी मोडू?" धाकोजीनं विचारलं. त्यानं ती इतक्या लांब पाठीवर वाहून आणली होती.

"मोड बाबा!"

धाकोजीनं ती चौकातच दगडावर आपटली आणि राक्षसाकडे वळला. "मामा, पोराच्या जावळाला आलो होतो. चांदणं त्याचंच. फिटलं."

आता राक्षसाची पाळी. बाकीच्यांची गोष्ट वेगळी. झोप सोडायची म्हणजे जन्मभर जागं राहायचं. त्यानं खांद्यावरच्या पोराला नीट घेतलं. "खजिनदार, घरभरणीला दिलेलं परत मागणं बरं दिसत नाही," तो म्हणाला. "राहू दे तुला. फिटलं." आणि हे बोलताक्षणी तो उभ्याउभ्याच घोरायला लागला. कुणी न देता झोप आपण होऊन आली होती. धाकोजीनं पोराला झेललं म्हणून बरं.

त्रिकंटकानं गळ्याशी धरलेला झगा सोडला. आत त्याचं सगळं अंग कावळ्याच्या पिसांनी भरलेलं होतं आणि ती पिसं आता शेणीच्या राखेसारखी खाली झडत होती. तो ओक्साबोक्शी रडू लागला. "महाराज," तो म्हणाला, "मी तरुण होतो, तुमच्यावर जीव होता, म्हणून ती वर्षं दिली. फिटलं, महाराज. केव्हाच फिटायला हवं होतं."

उरला राजा. ऊन पायरीवरून निघून गेलं होतं. आता ते फक्त वडाच्या शेंड्यावर होतं. सुभानाचे पाय जमिनीवरून सुटले. पदर ताणला गेला. कमळजेनं दोन्ही हातांनी गाठ धरली आणि राजाकडे पाहिलं. लोक ओरडू लागले, पण राजा गोंधळून गेला होता.

"राजानं येणं सोडलं, तर तो राजा कसला?" तो म्हणाला. "लोक म्हणतील, दिलं आणि विसरला."

"विसरा, महाराज."

"मग आम्ही करायचं काय?"

"काही नाही!" कमळजा ओढली जात होती, तिच्या टाचा उचलल्या होत्या. "कुणाच्या लग्नात भूक लागली, तर पंक्तीला बसायचं. पोटभर जेवायचं. हात धुवायचे आणि घरी जायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

राजा गजकेतू जन्मल्यापासून कुठूनही नुसता घरी गेला नव्हता. त्यानं मुकुट काढला. आत केस नव्हते, मोराचा तुरा होता, आणि त्याच्या भारानं मान अवघडून गेली होती. "त्या दिवशीचा भात चांगला झाला होता," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "फिटलं!"

सूर्य मावळला. सुभान धाडकन खाली पडला, कमळजेच्या अंगावर, आणि दोघंही पिसांच्या ढिगात लोळली. राजाचा तुरा गळला. खजिन्याचं येणं सुटलं तसा त्याचा शापही सुटला; वडावर एकच कलकल झाली, आणि फांद्याफांद्यांवर माणसं दिसू लागली; म्हातारी, तरुण, बायका, पोरं, सगळी खोडाला घट्ट धरून बसलेली, कारण चढायचं कसं हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. भारद्वाजाचा राजवैद्य झाला आणि खाली बघून त्याला घेरी आली. त्यांना उतरवायला शिड्या आणल्या, दोर आणले, आणि राक्षसाला जागं करावं असं कुणीतरी सुचवलं, पण येसूकाकूनं त्याला हात लावू दिला नाही. घरोघरचे लोक दाण्यांच्या पुड्या टाकून आपापल्या माणसाला ओळखत धावले. दुसऱ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली, की लग्नाला येणाऱ्यानं हात हलवत यावं आणि जेवून जावं. खजिन्याच्या दाराला त्यानं कुलूप लावलं नाही. आत ठेवण्यासारखं काही नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी चौकातली गर्दी पांगू लागली, तेव्हा सुभान उठून बसला. त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग तो बायकोकडे बघत राहिला, ओठ हलवत राहिला, आणि म्हणाला, "कमळजा."

तिनं त्याच्या कपाळाला चिकटलेलं शेवटचं पीस काढून टाकलं.

"कमळजा, किती राहिलं गं आपलं?"

वर्षभराच्या सवयीनं तिनं बोटं पुढं केली. करंगळीवर अंगठा टेकवला. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या बोटावर टेकवला, तिसऱ्यावर टेकवला. काहीतरी मोजायचं राहिलंय, आपण काहीतरी विसरतोय, असं तिला वाटत राहिलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मग तोंडाला पदर लावून ती हमसून हमसून रडली. सुभान घाबरला. त्याला वाटलं, फारच राहिलं असावं.

गोष्ट एवढीच. तुम्ही बसलात, ऐकलीत, बरं वाटलं. सांगणाऱ्याचं तुमच्याकडे काही येणं नाही.